आपलाच बुलबुल, तिथे उपरा

पुणे, १८ जानेवारी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. परवा मॉरिशसहून परतलो आणि दारातच तुझं पत्र मिळालं. सईने तिचं कासव वाशिष्ठीत सोडायचा हट्ट धरलाय म्हणतोस. त्याबद्दल लिहितोच, पण आधी तिथलं सांगू दे, कारण दोन्हींचा संबंध आहे.

माहेबूरजवळून होडीने काही मिनिटांत इल ओ झेग्रेत हे बेट लागतं. जेमतेम २६ हेक्टर, सगळा पोवळ्याचा खडक, त्यावर एबनीची खुरटी झाडं. वाटाड्याने हात वर केला तसे आम्ही जागच्या जागी थांबलो. दोन हातांवरच्या फांदीवर गुलाबी कबूतर! डोकं-मान पिकल्या पेरूच्या गरासारखी, पंख तपकिरी, शेपटी विटकरी. पायांत रंगीत कडी. त्याने मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि निवांत पिसं साफ करत बसलं. मिलिंद, १९९०च्या सुमारास रानात अशी नऊ-दहाच उरली होती रे. माझे डोळे भरून आले, दुर्बीण लावताच येईना.

खरूची म्हणजे ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी, तिची गोष्ट त्याहून अंगावर येणारी. आपल्याकडच्या खरूचीची ती बेटावरची भाऊबंद, झाडांवरच्या हिरव्या पाली पकडून जगणारी. १९७४ साली सगळ्या जगात मोजून चार! जंगल तुटलं होतं, त्यात मलेरियाचे डास मारायला डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी झालेली. १९७९ साली कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण तिथे गेला. घरट्यातली अंडी काढून तो ती उबवणी यंत्रात ठेवी, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली आणि एकाच्या जागी दोन विणी पदरात पडत. हेच करत तो पक्षी वाचला. त्या माणसाच्या चिकाटीपुढे मी हात जोडले.

आता खरं सांगायचं ते. ब्लॅक रिव्हरच्या दरीत एको पोपटाची, म्हणजे तिथल्याच मूळच्या हिरव्या पोपटाची, वाट बघत उभे होतो. हाही १९८०च्या दशकात दहा-बारावर आला होता. तेवढ्यात मागच्या झुडपातून ओळखीची शीळ आली. वळून बघतो तर शिपाई बुलबुल! तीच ऐटबाज शेंडी, तोच गालावरचा लाल ठिपका. कॉलेजात असताना वेताळ टेकडीवर आपण त्याच्या मागे किती सकाळी घालवल्या! मी आनंदाने ओरडलोच, "हा आमचा!" वाटाड्या शांतपणे म्हणाला, "हो, तुमचाच. १८९२ साली इथे आणला." आता तो परक्या झाडाझुडपांच्या बिया रानभर पसरवतो, आणि तिथली मूळ झाडं मागे पडतात. आपला साधा पोपटही तिथे आहे. एको पोपटाच्या ढोल्या तोच बळकावतो. मुंगसं तर १९००च्या सुमारास उंदीर मारायला म्हणून नेली, आणि ती पक्ष्यांनाच खाऊ लागली.

रात्री झोप लागली नाही. त्या बुलबुलाचा काय दोष? कुणीतरी हौसेने पिंजऱ्यातून नेला, इतकंच. आमचा टॅक्सीवालासुद्धा मराठी घरातला, पूर्वज रत्नागिरीकडचे. मुलगी शाळेत मराठी शिकते म्हणून मोठ्या अभिमानाने सांगत होता. त्याच्याशी गप्पा मारताना मला घरी असल्यासारखं वाटलं, आणि बुलबुल आठवून पोटात कालवाकालव होत राहिली.

म्हणून सईचं कासव. डोळ्यामागे लाल पट्टा आहे ना? मग ते अमेरिकेतलं, मत्स्यालयाच्या दुकानात विकतात ते. नदीत सोडलं की मासे, बेडूकमासे, पाणवनस्पती काही सोडत नाही. आपल्या कासवांची ऊन खायची दगडावरची जागाही बळकावतं. सईच्या मनात दया आहे, तिला रागवू नकोस. तिला ही खरूचीची गोष्ट सांग, कबुतराचा फोटो सोबत पाठवतोय तो दाखव.

मी या शनिवारी सकाळच्या एसटीने चिपळूणला येतो. कासव टबातच राहू दे, त्यात ऊन खायला एक वीट ठेव. वनखात्यात विचारून त्याची कुठे सोय होते का ते बघू. नाही झाली तर माझ्या गच्चीवर टाकी बांधतो. सईने कधीही येऊन बघावं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीनिवास