लुगड्यावरून

ठाणे, रविवार

प्रिय बाय,

त्या रात्री फोन मीच आपटला. तीन दिवस झाले, हातात काम धरवत नाही. पांढरा गाऊन नको, मोठ्या आयचं लाल लुगडं नेसून लग्नाला देवळात उभी राहणार, असं तू म्हणालीस आणि माझ्या तोंडून निघालं, ‘लोक हसतील.’ ते पुन्हा लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

गाऊन आपला कुठे, तो व्हिक्टोरिया राणीचा, म्हणालीस. खरंय. ती १८४० साली पांढऱ्या पोशाखात लग्नाला उभी राहिली आणि ती फॅशन झाली. आपल्या इथल्या ख्रिस्ती समाजाचं ‘ईस्ट इंडियन’ हे नावही तिच्याच राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं, १८८७ चं. पण हौस म्हणून नाही गं घेतलं. गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत नोकऱ्यांना येत होते. आपण इथलेच, त्यांच्याहून वेगळे, हे साहेबाला कळायला हवं होतं. पोटाचा प्रश्न होता. पोर्तुगीज ठाण्यात जवळपास दोनशे वर्षं राहिले, १७३७ साली मराठ्यांनी त्यांना हाकललं, आडनावं तेवढी मागे राहिली. तरी बायकांचं लुगडं सुटलं नव्हतं. ते सुटायला लागलं इंग्रजांच्या राज्यात, पुरुष कचेरीत आणि रेल्वेत लागले तेव्हापासून. आधी कोट आला, मग फ्रॉक, टेबलावर काटा-चमचा, आणि आमच्या घरात आयची मम्मी झाली.

तुझ्या सासरी सगळं इंग्रजीत चालतं. तिथे कोणी तोंडावर बोलणार नाही, पण पाठीमागे? लग्न एका दिवसाचं असतं, सासर जन्माचं. मुलीने थोडं नमतं घ्यावं... बघ, सुरू झाले. माफ कर.

तुला कधी सांगितलं नाही. मी सातवीत होते, निकालाचा दिवस. आय, म्हणजे तुझी मोठी आय, लुगडं नेसून, केसांत अबोली माळून शाळेत आली. सकाळीच चुलीवर फुग्या तळल्या होत्या, पदराला तेलाचा वास होता. बाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, ‘ही तुमची मोलकरीण का?’ वर्ग हसला. मी ‘माझी आय आहे’ म्हणाले नाही. घरी जाताना तलावपाळीवर तिला म्हटलं, पुढच्या वेळी पप्पांना पाठव. ती काही बोलली नाही. पुन्हा शाळेत आलीच नाही. माझ्या लग्नात तिने फ्रॉक शिवून घातला, बाय. सगळ्या फोटोंत हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नाहीये.

म्हणून मला भीती वाटते. तुला कोणी हसलं तर मी पुन्हा गप्प बसेन की काय, याची.

लग्नातली उंबराच्या पाण्याची गाणी तू म्हाताऱ्यांच्या दारोदार जाऊन फोनमध्ये भरून आणलीस, तेव्हा मावशी चर्चबाहेर चार जणींना सांगत होती. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. तुला फक्त ‘जेवलीस का’ एवढंच विचारलं.

काल पेटी उघडली. घडीवर थोडं विरलंय, पण पदर धड आहे. गच्चीवर सावलीत वारा दिलाय. नऊ वार नेसवणारी आता मावशीच उरली, तिचेही गुडघे दुखतात, तेव्हा वेळेवर ये. चोळीचं माप पाठव. आणि सासूबाईंना आधी तूच सांग, त्यांना देवळाच्या दारात कळायला नको.

तुझी,
मम्मी