करार कर, पण तिला नाही म्हणता येईल असा कर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. लग्नाआधी मालमत्तेचा करार करायचा तुझा निर्णय मला पटतो. वडिलांनी उभारलेल्या व्यवसायात भावंडांचाही वाटा आहे, तेव्हा काय कोणाचं हे आधीच कागदावर असणं सगळ्यांच्या हिताचं. काळजी वाटते ती तुझ्या घाईची. मसुदा तुझ्या वकिलाने केला, तुझ्या होणाऱ्या बायकोने तो अजून पाहिलेला नाही, आणि लग्न तर तोंडावर आलंय.

बॅरी बॉन्ड्स या अमेरिकी बेसबॉलपटूने १९८८ मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी असा करार केला. लग्नानंतरची ज्याची कमाई त्याची, असं त्यात होतं. त्याच्या बाजूने वकील हजर होते, होणाऱ्या बायकोच्या बाजूने एकही वकील नव्हता. वाद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००० साली करार वैध ठरला. तू म्हणशील, मग झालं तर! पण त्या निकालानंतर तिथला कायदाच बदलला. अंतिम मसुदा हाती पडल्यावर सही करायला किमान सात दिवस मिळालेच पाहिजेत, आणि स्वतंत्र वकिलाशिवाय पोटगीचा हक्क सोडला असेल तर ते ग्राह्य धरायचं नाही, असं ठरलं.

जर्मनीत अशा कराराला नोटरी लागतोच. तरीही २००१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एका गरोदर बाईने केलेल्या कराराच्या बाबतीत तिच्या बाजूने निकाल दिला. लग्न व्हावं म्हणून तिने स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडलं होतं. एका बाजूला काही बोलायची सोयच नसेल तर नुसत्या सहीला संमती मानता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडमधला २०१० चा राडमाखर खटला मात्र उलट्या घरचा. तिथे श्रीमंत होती ती बायको, आणि करार मानायला नकार देत होता नवरा. त्याने वकिलाचा सल्ला घेतला नव्हता, पण तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, कशावर सही करतोय हे त्याला कळत होतं, म्हणून न्यायालयाने कराराला वजन दिलं. नऊ न्यायाधीशांपैकी एकट्या लेडी हेल यांनी विरोधी मत नोंदवलं. अशा करारांचा रोख बहुधा आर्थिकदृष्ट्या दुबळ्या जोडीदाराचा वाटा कमी करण्यावरच असतो, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. ते मत तू जरूर वाच.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. व्यवसाय तुझाच राहील, हे ठीक. पण लग्नानंतर तो वाढला तर ती वाढ कोणाची? मुलं झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि तुला कामासाठी मोकळा वेळ मिळाला, तर त्या वाढीत तिचा हात नाही, असं तू म्हणू शकशील का? मला तरी म्हणता येणार नाही. निदान लग्नाची वर्षं वाढतील तसा तिचा वाटा वाढेल, असं कलम घाल. काही वर्षांनी करार आपोआप संपेल अशी मुदतही घालता येते. कर्जांचं विसरू नकोस. व्यवसायासाठी तू काढलेलं कर्ज तिच्या डोक्यावर येऊ नये, ही करारातली तिच्या फायद्याची सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. मुलांच्या पालनपोषणाचा खर्च आणि ताबा यात घालू नकोस. तो हक्क मुलांचा, आईबापांनी तो आपसात सोडून भागत नाही. आणि तुझ्याकडे जे जे आहे ते सगळं आकड्यांसकट तिच्यासमोर ठेव. लपवलेली एक मिळकत पुढे निघाली तर अख्खा करार डळमळतो, विश्वासाचं तर विचारूच नकोस.

तिला तिचा वकील तिने स्वतः निवडू दे. फी तू दिलीस तरी चालेल, निवड मात्र तिची हवी. त्याने तुझी चार कलमं खोडली तर रागावू नकोस.

हे सगळं लग्नाआधी उरकत नसेल तर करार नंतर करा. बऱ्याच देशांत लग्नानंतरही तो करता येतो. फक्त नवरा-बायकोत एकमेकांशी प्रामाणिक राहायचं बंधन असल्याने काही ठिकाणी न्यायालयं तो जास्त बारकाईने तपासतात. तुमच्याकडे काय लागू आहे ते वकिलाला आजच विचार. आणि मसुदा मला पाठवण्याआधी तिला दे.

तुझा,
जुना मित्र