गोळ्या चालू आहेत म्हणून तर बरा दिसतोय

मा. संपादक साहेब,

बोनमॅरो ट्रान्सप्लांट (हाडातली रक्त बनवणारी मज्जा दुसऱ्याकडून घेणं) करून मुंबईहून घरी आलेला पेशंट आपल्याकडे आता जळगाव, धुळ्यातच नाही तर तालुक्याच्या गावातपण दिसतो, पण घरी आल्यावर गोळ्यांचं काय करायचं हे सांगणारं इथं कुणी नाही, म्हणून हे पत्र. माझ्या धाकट्या भावाला बोनमॅरो मीच दिला. माझ्या पेशी त्याच्या अंगात गेल्या आणि त्याच्याच कातडीला, तोंडाला, लिव्हरला परक्या समजायला लागल्या, यालाच जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) म्हणतात. त्याला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं चालू आहेत, स्टेरॉईड, टॅक्रोलिमस आणि आता रक्सोलिटिनिब. हे रक्सोलिटिनिब अमेरिकेत या आजाराच्या अ‍ॅक्यूट (लवकर उठणाऱ्या) प्रकारासाठी २०१९ मध्ये आणि क्रॉनिक (जुनाट) प्रकारासाठी २०२१ मध्ये मंजूर झालं, म्हणजे तसं नवंच, त्यामुळे गावच्या डॉक्टरांना माहीत नसलं तर त्यांचा दोष नाही.

पण लोकं! ओट्यावर बसणारे म्हणतात, "भाऊ, आते तं बरा दिखस, कसाले इतल्या गोया खास?" अरे गोळ्या चालू आहेत म्हणून तर बरा दिसतोय. स्टेरॉईड असो की रक्सोलिटिनिब, मनानं एकदम बंद केलं तर आजार उसळतो, कमी करायचं ते ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी, हळूहळू. रक्सोलिटिनिबचा डोस चुकला तर पुढच्या वेळी नेहमीचाच घ्यायचा, डबल नाही. त्यानं प्लेटलेट, पांढऱ्या पेशी उतरू शकतात म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) चुकवायची नाही. आणि टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. रात्रीच्या गाडीनं मुंबईला उतरून सवयीनं चहासोबत गोळी घेतली की तो रिपोर्ट वाया.

खरी भीती दुसऱ्या औषधांची. खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन, खाजेला फ्लुकोनाझोल, अंगदुखीला डायक्लोफेनॅक, मेडिकलवर मागितलं की मिळतं. पहिल्या दोघांनी या गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढतं, तिसऱ्यानं टॅक्रोलिमससोबत किडनीवर ताण येतो. पपनसानंही या गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढतं, ते खाऊच नये. गुळवेलाचा काढा तर प्रत्येक पाहुणा सांगतो, प्रतिकारशक्ती वाढते म्हणे, आणि इथं डॉक्टर तीच दाबून ठेवायला धडपडतायत! ताप आला तर मात्र पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना लगेच फोन करा.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ ४५ डिग्रीला जातं, आणि रक्सोलिटिनिबच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ३० च्या वर ठेवू नका. पत्र्याच्या घरात, गाडीच्या डिकीत गोळ्या ठेवू नका, घरातली सगळ्यात गार खोली बघा, आणि फ्रिजमध्ये ठेवायच्या का हे आधी विचारून घ्या. पेशंटनंही उन्हात जायचं नाही, उन्हानं कातडीचा जीव्हीएचडी चेततो, लग्नाचा सीझन असला तरी.

माझं मागणं एवढंच, डिस्चार्जच्या वेळी इंग्रजी कागदासोबत मराठीत एक पान द्या, गावच्या डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला दाखवता येईल असं, त्यावर "विचारल्याशिवाय नवीन औषध देऊ नये" हे मोठ्या अक्षरात आणि खाली रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर.

आपला,
एक वाचक, ता. भुसावळ, जि. जळगाव