तक्रार निकाली काढलीत, ३४ चिठ्ठ्या माझ्याकडेच आहेत

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

काल दुपारी बाळाला औषध पाजत होते, तेव्हा मोबाइलवर मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सरकारी रुग्णालयात बाळाची औषधं बाहेरून विकत आणायला लावली, त्याची ती तक्रार. कुणी फोन केला नाही, एक कागद मागून पाहिला नाही. म्हणून आपल्याला हे उघड पत्र.

जुलैमध्ये माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. न्यूमोनियाने त्याचं पोट उडायला लागलं. पहिल्या सरकारी रुग्णालयात म्हणाले, ‘व्हेंटिलेटर रिकामा नाही, दुसरीकडे बघा.’ दुसरीकडे म्हणजे कुठे, ते आम्हीच शोधायचं. भर पावसात टॅक्सीत त्याला मांडीवर घेऊन मी नुसती त्याच्या श्वासाकडे बघत होते. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. तिथल्या डॉक्टर-सिस्टरांनी माझं मूल वाचवलं, ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही. रात्री एक सिस्टर आणि सात बाळं. तिला चहाला बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

हाताची शीर सापडेना, म्हणून डोक्याला सुई लावायची होती. त्यासाठी कानावरचे केस काढले. अजून जावळ व्हायचं होतं हो त्याचं. मामाने कपडे आणून ठेवले होते. सिस्टरने ते केस कापसात गुंडाळून माझ्या हातात दिले.

१९ दिवस मी जिन्यापाशी चटईवर काढले. बाळाला नळीने पाजायचं म्हणून दर तीन तासांनी दूध काढून द्यायचं, पण त्याला आडोसा नाही. बायकांच्या संडासाबाहेर माझी बहीण ओढणी धरून उभी राहायची आणि मी वाटीत दूध काढायचे. बाहेर पुरुषांची ये-जा चालूच. मंत्रीमहोदय, तुमच्या घरच्या बाईवर ही वेळ आली असती तर?

आणि रोज चिठ्ठ्या. ‘स्टॉक नाही, बाहेरून आणा.’ नवरा कुरिअरचं काम करतो. रात्री दोनला उघडं मेडिकल शोधत फिरायचा. ३४ चिठ्ठ्यांचे ४१,६०० रुपये झाले. मंगळसूत्र अजून गहाण आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. २०१४ पासून त्याच योजनेत सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला औषधं, तपासण्या, रक्त, ने-आण करायला गाडी, सगळं मोफत. त्याचा बोर्ड माझ्या चटईसमोरच लावला होता. १९ दिवस मी तो वाचत होते.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला पहाटे नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली. त्यांच्या आयांना तेव्हा काय काय सांगितलं होतं तुम्ही लोकांनी! सरकारं बदलली, मंत्री बदलले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहून दिलं होतं की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या, अडीच टक्के करू. मुदत उलटली, अडीच टक्के झाले नाहीत. उड्डाणपुलांना पैसा कमी पडत नाही, बाळाच्या इंजेक्शनलाच कसा पडतो?

व्हेंटिलेटर कुठे रिकामा आहे, ते रुग्णालयाने फोन करून शोधावं. आईबापाला टॅक्सीत पाठवू नये. आयांना दूध काढायला कडी लागणारी एक खोली द्या. आणि माझी तक्रार पुन्हा उघडा.

चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत, कापसातले केसही त्यातच आहेत. कुणाला भेटायचं, कुठल्या वारी, तेवढं कळवा. बाळाला घेऊन येईन.

एक आई,
मानखुर्द, मुंबई