मडक्यातली माती ओतून टाकू नका

मा. संपादक,

उन्हाळा लागला की पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडाची, माती ट्रॉल्या भरभरून शेतात जाते. गिरणा-तापीकाठी अशा काही पांढरींखाली तीन हजार वर्षांहून जुन्या वस्त्या आहेत. बहाळ आणि प्रकाशे इथल्या उत्खननांनी ते १९५०च्या दशकातच दाखवून दिले. बहाळच्या पलीकडे, टेकवाड्याला तर दफनेही मिळाली. त्या काळात दगावलेले तान्हे मूल दोन मडक्यांची तोंडे जोडून आत ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशी कितीतरी दफने निघाली आहेत.

जेसीबीला असे मडके लागले की लोक आतली माती आधी ओततात. खरा ऐवज त्या मातीतच असतो. हिरडीतून वर न आलेले दुधाचे दात ज्वारीच्या दाण्याएवढे असतात. ते किती घडले होते यावरून बाळाचे वय महिन्यांच्या हिशेबात सांगता येते. जन्माच्या वेळी दाताच्या लुकणात, म्हणजे वरच्या कठीण चकचकीत थरात (इनॅमल), एक सूक्ष्म रेघ उमटते. तिच्यापुढे लुकण चढलेले दिसले, तर बाळ जन्मानंतर काही दिवस तरी जगले होते.

मोठ्या माणसांच्या सुळ्यावर कधी कधी नखाला लागणाऱ्या आडव्या खाचा असतात. लहानपणी ताप किंवा उपासमार झाली की लुकण चढायचे थांबते आणि खाच राहते. लुकण पुन्हा भरून येत नाही. पण खाचा जास्त म्हणून माणूस दुबळा, असे समजू नये. तो त्या दुखण्यातून वाचला, म्हणून तर खाच दिसते. पटकीसारख्या झटपट मारणाऱ्या रोगाची हाडावर खूणच राहत नाही. डोळ्याच्या खोबणीच्या छतावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर रक्तक्षयाचा संशय घ्यावा. मात्र मातीने झिजलेले हाडही तसेच दिसते, म्हणून ते भिंगाखाली तपासावे लागते.

मडके दिसले की यंत्र थांबवा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मडके मातीसकट जागच्या जागी राहू द्या, वर गोणपाट टाकून सावली करा आणि तहसीलदारांना व पुरातत्त्व विभागाला कळवा. हाडे धुऊ नका. ओले हाड उन्हात वाळले की तडकते, पापुद्रे सुटतात. फेव्हिकॉल, व्हार्निश तर लावूच नका, पुढच्या रासायनिक तपासण्या बिघडतात. आतली माती आम्ही बारीक जाळीच्या चाळणीने चाळतो, तेव्हा कुठे ते दात हाती लागतात. ट्रॉलीतून शेतात पसरलेल्या मातीतून ते पुन्हा वेचता येत नाहीत.

– प्राचीन अस्थींचे अभ्यासक, चाळीसगाव