गरवण्यासाठी सहा ल्युअर पुरतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरून खाड्यांचे पाणी निवळू लागले की अलिबागपासून मालवणपर्यंत जेटीवर, पुलाच्या कठड्याशी आणि कातळावर रॉड घेतलेली तरुण मंडळी दिसू लागतात. गरीला कोळंबी किंवा बोयचा तुकडा लावून गरवणे कोकणाला नवे नाही. नवे आहे ते कृत्रिम आमिष, म्हणजे ल्युअर. या छंदातले बहुतेक पैसे वाया जातात ते खरेदीच्या वेळीच. पन्नास-शंभर नगांचा स्वस्त संच मागवला जातो, पेटी भरते, पण त्यातले निम्म्याहून अधिक ल्युअर एकाच खोलीवर चालणारे असतात. वेगळे असतात ते फक्त रंग. कोकणच्या किनाऱ्यावर आणि घाटावरच्या तळ्यांत गरवायला सहा प्रकारचे ल्युअर पुरेसे आहेत. पैसे उरले तर याच सहांची दुसरी जोडी घ्यावी, सातवा प्रकार नको.

निवडीचा नियम असा की माशाचे नाव नंतर, पाण्याची खोली आधी. जिताडा असो, तांबोशी असो वा गोबरा, तो त्या घटकेला वरच्या थरात आहे, मधल्या थरात आहे की तळाशी, यावर सगळे ठरते. शिवाय भरती-ओहोटीने तीच जागा काही तासांत दीड पुरुष खोलीवरून गुडघाभर होते. म्हणून प्रत्येक थराला एक ल्युअर लागतो आणि तो नेमका किती खाली जातो हे हाताला ठाऊक असावे लागते. शंभर ल्युअरांची खोली कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पहिला ल्युअर उथळ चालणारा तरंगता मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा कडक ल्युअर: लांबी ११ ते १२ सेंटीमीटर, वजन १५ ते २० ग्रॅम, खोली अर्धा ते एक मीटर. या जातीचा जगभर नावाजलेला ल्युअर फिनलंडच्या लौरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडातून कोरला. थव्यातल्या शंभर माशांपेक्षा किंचित लडबडत पोहणाऱ्या एकट्यावर शिकारी मासा आधी झडप घालतो, हे त्यांनी हेरले होते. आजही मिनोत ती लडबड आणतो तो तोंडाखालचा लिप, म्हणजे पुढे आलेली पट्टी. लिप जितका खाली वळलेला तितका ल्युअर उथळ चालतो आणि जास्त डोलतो. लिप अंगाच्या रेषेत पुढे आलेला असेल तर तो खोल बुडी मारतो. दुकानात पाकिटावरचे आकडे वाचण्याआधी एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

खाडीत हा मिनो तरंगताच हवा. कांदळवनाच्या मुळांशी टाकून दोन-तीन वेळा रॉड झटकला आणि थांबले की तो आपोआप वर येतो, मुळांत रुतत नाही. जिताडा बहुतेक वेळा या थांब्यावरच घेतो, म्हणून दोन ते तीन सेकंद खरोखर थांबावे. घाईने रीळ फिरवणारे इथेच मासा गमावतात. 'सस्पेंडिंग', म्हणजे पाण्यात आहे तिथे स्थिर राहणारा मिनो खाडीसाठी घेऊ नये. गोड्या पाण्यासाठी तोललेला असा ल्युअर खाऱ्या पाण्यात हळूहळू वर येतो, कारण खारे पाणी जड असते. खाऱ्यासाठी तोललेला मात्र पावसानंतर ओहोटीचे गोडे पाणी वाहू लागले की बुडतो. आपल्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा बदलते, तिथे हा तोल सांभाळता येत नाही.

दुसरा खोल जाणारा मिनो: ९ ते १० सेंटीमीटर, खोली २ ते ३ मीटर. पुलाचे खांब, खाडीच्या वळणावरचे डोह, जेटीची कड या त्याच्या जागा. पाकिटावर लिहिलेली खोली गाठायला त्याला लांब ओढ लागते. सात-आठ मीटरवर टाकून ओढला तर तो निम्मी खोलीही गाठत नाही. तेव्हा खांबाच्या पलीकडे टाकावा, रॉडचे टोक पाण्याजवळ ठेवावे आणि लाइन बारीक ठेवावी. जाड लाइनीला पाण्याचा रेटा बसतो आणि ती ल्युअरला वर उचलते.

तिसरा, आणि एकच घ्यायचा झाला तर हाच घ्यावा असा, म्हणजे चपट्या शेपटीचा मऊ प्लॅस्टिकचा शॅड, ४ इंची, आणि सोबत १०, १४ व २१ ग्रॅमचे जिगहेड, म्हणजे शिशाचे डोके असलेले गळ, गळाचा आकार ३/०. वजन बदलले की हाच शॅड वरच्या थरापासून तळापर्यंत कुठेही चालतो. वजन ठरवायची रीत सोपी आहे. ओहोटीच्या ओढीत आडवा टाकावा, तळाला जाऊ द्यावा आणि हळू ओढावा. अधूनमधून तळाचा हलका ठोका हाताला लागला पाहिजे. ठोका लागतच नसेल तर वजन कमी आहे. दर वेळी चिखलात बसत असेल तर जास्त आहे. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत १० ग्रॅम पुरतात, उधाणाच्या ओढीत २१ लागतात. खारबंदिस्तीच्या उघाडीतून (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारातून) ओहोटीला पाणी सुटते तेव्हा कोळंबी आणि बोयची पिल्ले त्यासोबत बाहेर येतात. त्या धारेच्या कडेला, जिथे पाणी उलटे फिरते तिथे, १४ ग्रॅमचा शॅड सोडावा.

शॅड गळावर चढवताना सर्वाधिक चुका होतात. आधी गळ शॅडच्या बाजूला धरून काटा पाठीत कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करावी. मग नाकाच्या बरोबर मध्यातून काटा आत घ्यावा आणि खुणेवर बाहेर काढावा. अंग ताणले गेले, आखडले किंवा काटा किंचित बाजूला निघाला तर शॅड सरळ न पोहता गिरकी घेतो, लाइनीला पीळ बसतो आणि थोड्याच वेळात रिळावर गुंता होतो. पायाशी पाण्यात दोन हात ओढून पाहावा. गिरकी घेतोय असे दिसले तर पुन्हा चढवावा. शिशाच्या डोक्याशी सायनोअॅक्रिलेट गोंदाचा एक थेंब लावला तर शॅड खाली घसरत नाही.

चौथा कास्टिंग जिग, म्हणजे लांब फेकायचा धातूचा जड ल्युअर, ३० ग्रॅम. हा लांब जातो आणि वाऱ्याला दाद देत नाही. कातळावरून बांगडा, लहान ट्रेव्हली, कधी सुरमई यांच्यासाठी. टाकल्यावर तो लडखडत खाली जाताना पुष्कळदा घेतला जातो, म्हणून लाइन साफ सैल सोडू नये. मागचा तिहेरी गळ काढून टाकावा आणि डोक्याशी दोरीचा एकेरी असिस्ट गळ ठेवावा. कातळात अडकण्याचे प्रमाण लगेच घटते.

पाचवा पृष्ठभागावर चालणारा लांबुळका ल्युअर, म्हणजे पेन्सिल, ११-१२ सेंटीमीटर, २५ ते २८ ग्रॅम. पॉपर, म्हणजे पाणी उडवत आवाज करणारा ल्युअर, का नाही, असे कोणी विचारेल. पॉपर वाऱ्यात कमी जातो आणि दिवसभर झटके देऊन मनगट दुखवतो. पेन्सिलला रॉडचे टोक खाली ठेवून छोटे झटके द्यायचे आणि प्रत्येक झटक्यानंतर लाइन क्षणभर सैल सोडायची. ती सैल सोडली नाही तर ल्युअर डावी-उजवीकडे डोके फिरवत नाही, नुसता सरळ येतो. पहाटे आणि सांजवेळी, पाणी शांत असताना, याच्यासारखा दुसरा नाही.

सहावा फक्त तळ्यात, मरळीसाठी: पोकळ रबरी बेडूक. दोन्ही काटे पाठीवर वळलेले असल्याने तो शेवाळ आणि कमळपानांवरून न अडकता येतो. मरळ उसळून घेते तेव्हा लगेच झटका द्यायचा नाही. ओढ हाताला जाणवली की मगच द्यायचा, नाहीतर बेडूक तिच्या तोंडातून सुटून येतो.

स्पून, स्पिनर, ब्लेड या ल्युअरच्या इतर प्रकारांनाही मासे लागतात. पण त्यांचे काम वरच्या सहांपैकी कोणीतरी करतेच.

आता गळ. ल्युअरपेक्षा इथे खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारखान्यातून येणारे तिहेरी गळ बहुधा बारीक तारेचे असतात. चांगला तांबोशी पहिल्याच ओढीत ते सरळ करतो, आणि खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतात. त्याऐवजी जाड तारेचे एकेरी गळ आणि मजबूत स्प्लिट रिंग (गळ अडकवायच्या दुपेडी कड्या) लावाव्यात. तीन गळांच्या मिनोत मधला काढून पुढे-मागे दोन एकेरी ठेवावेत. पुढचा गळ मागच्यात किंवा लिपमध्ये अडकणार नाही एवढाच मोठा घ्यावा. मुख्य गोष्ट वजनाची: काढलेल्या आणि लावलेल्या गळांत ग्रॅमभराहून जास्त फरक नको. जड गळांनी तरंगता मिनो बुडता होतो किंवा त्याची लडबड मंदावते. बादलीत पाणी घेऊन आधी आणि नंतर तो कसा तरंगतो ते पाहावे. काट्याची बारीक आकडी पकडीने दाबून टाकली तर मासा, आणि बोटही, सहज सुटते. काटा नखावर टेकवून ओढला असता रुतला पाहिजे; घसरला तर कानशीने धार करावी.

ल्युअर एका बाजूला तिरका पळत असेल तर फेकून देऊ नये. तो डावीकडे जात असेल तर लाइन बांधायची पुढची कडी बारीक पकडीने अगदी थोडी उजवीकडे वाकवावी, उजवीकडे जात असेल तर डावीकडे. केसभर वाकवून पुन्हा पाण्यात पाहावे. कडी मुरडू नये, ती सैल होते.

खाडीसाठी ३० पौंडी ब्रेडेड (विणलेल्या) लाइनीपुढे ४० पौंडी तंगुसाचा दीड मीटर लीडर, म्हणजे ल्युअरकडचा जोडतुकडा, ठेवावा. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि कातळावरची कालवे ब्रेड क्षणात कापतात. ब्रेड आणि तंगूस जोडायला एफजी नावाची गाठ, ल्युअरला फासाची सैल गाठ किंवा छोटा स्नॅप. मिनोच्या नाकाला जड फिरकी लावली की त्याची चाल मरते. तारेचा लीडर फक्त सुरमईचा थवा समोर असेल तेव्हा, तोही वीतभर.

रंगांवर एवढा पैसा का जातो ते कळत नाही. तीन पुरतात. निवळ पाण्यात पेडव्यासारखा चंदेरी, गढूळ पाण्यात पांढरा किंवा पोपटी, आणि अंधुक प्रकाशात गडद, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशावर त्याची आकृतीच दिसते. गढूळ पाण्यात रंगापेक्षा आतल्या गोळ्यांचा खुळखुळाट आणि शेपटीची थरथर उपयोगी पडते; मासा ती अंगावरच्या संवेदनरेषेने टिपतो.

स्वस्त नकलांपासून सांभाळावे. चांगल्या ल्युअरात पुढची कडी आणि गळांच्या कड्या आतून एकाच तारेने जोडलेल्या असतात, किंवा निदान घट्ट बसवलेल्या असतात. नकलेतली कडी पकडीने हलकी ओढली तरी हलते. कोमट पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तर सांध्यात फट आहे असे समजावे.

ठेवणीतली एक बाब फार जणांना माहीत नसते. मऊ प्लॅस्टिक आणि कडक ल्युअर एका कप्प्यात ठेवू नयेत. मऊ प्लॅस्टिकमधले तेलकट द्रव्य कडक ल्युअरचा रंग आणि अंग विरघळवते. दोन वेगवेगळ्या जातींचे मऊ प्लॅस्टिकही एकमेकांत वितळून लगदा होतो. वापरलेला ल्युअर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत जाऊ नये. हवाबंद पेटीत एक ओला ल्युअर सगळ्यांचे गळ गंजवतो.

किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचाही विचार हवा. डोल किंवा रापण ही जाळी लावलेली असतील तिथे ल्युअर टाकूच नये. तिहेरी गळ जाळ्यात गेला तर तो सोडवायला दुसऱ्याचा तासभर मोडतो आणि जाळे कापावे लागते. ल्युअर कातळात अडकला तर लाइन हाताला गुंडाळून ओढू नये, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ मागे सरकावे. तुटलेली लाइन किनाऱ्यावर सोडू नये. आणि फार मोठा जिताडा लागला तर त्याला परत सोडावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठा जिताडा म्हणजे जवळपास नेहमी अंडी घालणारी मादीच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा जिताडा ठेवता येत नाही, त्यामागेही लहान आणि अंडी घालणाऱ्या माशांना राखण्याचाच विचार आहे.

एक मागणी आपल्याकडेही आहे. अनेक वृत्तपत्रे भरती-ओहोटीच्या फक्त वेळा छापतात. त्यासोबत पाण्याची उंची मीटरमध्ये आणि ती कोणत्या बंदराची आहे हे छापले तर फार उपयोग होईल. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे चढउतार बराच कमी असतो. म्हणून मुंबईचा आकडा मालवणला लागू पडत नाही. उंची कळली तर त्या दिवशी १० ग्रॅमचा जिगहेड न्यायचा की २१ चा, उथळ मिनो चालेल की खोल, हे घरूनच ठरवता येते. कातळावर किती वेळ उभे राहणे सुरक्षित आहे हेही त्याच आकड्यावरून कळते. मुंबई, रत्नागिरी आणि मालवण अशा तीन ओळी रोज छापल्या तरी पुरे.

आपले नम्र,
गरवण्याचा छंद असलेले काही वाचक, रत्नागिरी