देवळं नव्हे, विहार

चियांग माई,
रविवार, रात्री

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

काल फोनवर बाबांनी विचारलं, "काय पाहिलंस?" आणि मी "खूप देवळं" म्हणून मोकळी झाले. पलीकडे बाबा गप्प. ती गप्प बसायची तऱ्हा मला शाळेपासून पाठ आहे. विहार म्हणायला हवं होतं, चुकलं. म्हणून आता सविस्तर लिहायला बसलेय.

बँकॉकचं काम शुक्रवारी संपलं आणि मी रात्रीच्या विमानानं इकडे आले. शनिवारी सकाळी आठला था फे वेशीपाशी आम्ही सहा जण आणि गाईड. जुनं शहर चौकोनी आहे, एकेक बाजू दीड किलोमीटरच्या आसपास, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. मांगराय राजानं 1296 मध्ये वसवलेलं. चालायला सपाट रस्ता, चढ नाही (हे गुडघेवाल्यांसाठी). गाईड लहानपणी पाच-सहा वर्षं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू होता. आई, इथं भिक्षूचं चीवर उतरवून संसारात पडण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. बरीच मुलं काही महिने विहारात राहून घरी परत येतात.

तो सांगायला लागला आणि मला गंमत वाटायला लागली. तो म्हणे 'चेदी', मी मनात म्हणे चैत्य, म्हणजे स्तूप. त्याचं 'विहान' म्हणजे आपलं विहार, 'उबोसोत' म्हणजे उपोसथगृह, भिक्षूंच्या विधींची जागा. भिक्षूंचं भिक्षापात्र 'बात'. सध्या पावसाळा, म्हणजे 'फान्सा' चालू आहे म्हणाला. मी विचारलं, वर्षावास, भिक्षू पावसाळाभर एका जागी राहतात तो? तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तुम्ही इंडियातल्या ना, मग तुम्हाला कसं ठाऊक? बाबा, याचं उत्तर पाच मिनिटांत कसं द्यायचं ते तुम्ही मला कधी शिकवलं नाही. दीक्षाभूमी, 14 ऑक्टोबर 1956, पांढरं लुगडं नेसून आजोबांच्या शेजारी उभी राहिलेली आजी, जमेल तेवढं सांगितलं. त्यानंतर तो प्रत्येक शब्द आधी मला विचारायचा. बाकीचे पाच जण बिचारे कंटाळले असतील.

सगळ्यात आधी वात चियांग मान ('वात' म्हणजे आवारासकट अख्खा विहार). शहर बांधून होईपर्यंत राजा याच जागी राहिला म्हणतात, म्हणून हा इथला सगळ्यात जुना विहार. मागच्या बाजूला चैत्य आहे, त्याच्या पायथ्यातून 15 हत्ती अर्धे बाहेर आलेले. जणू अख्खा चैत्य पाठीवर घेऊन निघालेत. पण माझा जीव अडकला तो छोट्या विहारात, बंदिस्त ठेवलेल्या एका दगडी शिल्पापाशी. हातभरसुद्धा नसेल. बुद्ध उभे, आणि पायाशी वाकलेला हत्ती. नालागिरी, बुद्धांनी शांत केलेला तो पिसाळलेला हत्ती! बाबा, अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात तुम्ही मला खांद्यावर घेऊन हाच प्रसंग दाखवला होता. व्हरांड्यातल्या अंधारात हत्ती काही दिसेना म्हणून मी रडले होते, आठवतं? इथं दिसला. हा दगड भारताकडून आला असं इथले लोक मानतात, आणि पाऊस पडावा म्हणून त्याला साकडं घालतात. हे वाचून तुम्ही भुवया वर करणार, मला दिसतंय.

मग वात फान तावचा सागवानी विहार. आधी ही राजवाड्यातली इमारत होती. दारावर कोरलेला मोर आहे आणि मोराच्या खाली बसलेला कुत्रा, राजाच्या जन्मवर्षाची खूण. आत लाकडाचा वास. सोनं कमी, म्हणून मला आवडला. वात फ्रा सिंगला मात्र सोनंच सोनं. 1345 मधला आहे, भिंतीवरची चित्रं सुरेख आहेत, पण तोवर ऊन चढलं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते. खाव सोई खाल्लं. नारळाच्या दुधाचा रस्सा, त्यात नूडल्स, वरून कुरकुरीत तळलेल्या नूडल्स. आईच्या तिखटापुढे काहीच नाही.

एक गोष्ट खटकली, तीही लिहिते. एका आवारात उपोसथगृहाच्या दारावर पाटी होती: स्त्रियांना प्रवेश नाही. गाईड म्हणाला, उत्तरेकडची जुनी रीत. आमच्यातले तिघे पुरुष आत जाऊन आले. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. चप्पलही काढली नाही.

बाबा, "सोनं बघायला इतक्या लांब कशाला?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वात चेदी लुआंगला मिळालं. पंधराव्या शतकात पुरा झालेला हा प्रचंड चैत्य 1545 च्या भूकंपात वरून ढासळला. तेव्हापासून शेंडा नाही, उघड्या विटा दिसतात. मला एकदम भंडारा जिल्ह्यातली पवनीची टेकडी आठवली. तुम्ही हातात वीट घेऊन सांगितलं होतं, हाही स्तूप होता, आणि आसपास फक्त बकऱ्या चरत होत्या. इथंही वीट तीच, पडझड तीच. पण इथं चैत्य पडला तरी लोक यायचे थांबले नाहीत. दक्षिणेकडे ओळीनं हत्ती आहेत, बहुतेक सगळे सिमेंटनं नव्यानं केलेले. उजव्या टोकाचा एकच जुना. त्याला सोंड नाही, कान नाहीत. त्याचा फोटो सोबत पाठवतेय.

तिथं सावलीत मी हळूच त्रिशरण, "बुद्धं सरणं गच्छामि", म्हणायला लागले. शेजारी एक आजी उदबत्ती लावत होत्या. त्यांनी मान वळवली आणि दुसऱ्या ओळीपासून माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. 'धम्मं'चं 'थम्मंग', 'गच्छामि'चं 'खच्छामि'. बाबा, तुम्ही असता तर उच्चार सुधारायला घेतला असता. मी त्यांचाच धरला. तिसऱ्या फेरीच्या "ततियम्पि"पर्यंत दोघी मिळून गेलो. मग त्यांनी हसून हात जोडले आणि पिशवीतलं केळं मला दिलं.

नंतर त्यांना खुणेनंच विचारून एकदा पुन्हा म्हणायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. आई, तू उद्या संध्याकाळी वंदनेच्या वेळी तुझ्या आवाजात म्हण आणि व्हॉट्सॲपवर पाठव. कुकरची शिट्टी आली तरी चालेल. मला दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकायचंय.

आणि बाबांचे पासपोर्टचे फोटो काढून झाले का?

तुमची,
थोरली